गंजिफा आणि लीला
ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे आणि महाभारतात द्यूतसभेनेच कुलक्षयाचे बीज पेरले. अशा परंपरेत वाढलेल्या, मुलांना घरीच शिकविण्याचे व्रत घेतलेल्या बंगळुरूच्या यशवंतपुरातील एखाद्या मराठी दांपत्याने आपल्या मुलांच्या हाती पत्ते द्यावेत की नाही, हा प्रश्न मला धर्माचाच वाटतो. निषेध आहे तो पणाचा, पानांचा नव्हे. कोकणातील सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा पारंपरिक खेळ, पाहा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी, एकूण १२० पाने, राजा-वजिरांखालोखाल निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, उरलेल्यांत एक्का, दिवसा रामाने व रात्री कृष्णाने डाव उघडण्याचा दस्तूर. हे सारे स्मरणात राखताना बालकास गणित, पुराण आणि संयम यांचा एकत्र अभ्यास घडतो. देवाची प्रतिमा डावात टाकणे ही विटंबना नव्हे काय? परंतु वेदान्ताने ज्या ईश्वराची सृष्टिरचना केवळ लीला मानली, त्याला आईबापांनी लेकरांसह निर्हेतुक मांडलेला खेळ अप्रिय कसा व्हावा? या दांपत्याला गंजिफेसाठी कोकण गाठण्याचेही कारण नाही. जवळच्याच म्हैसुरात मुम्मडी कृष्णराज वडियर (१७९४–१८६८) यांनी स्वतः गंजिफेचे नवे प्रकार रचले होते.