शांत वाट कुणाला सांगावी?

एखाद्या वाटेवर दिवसभरात चारच माणसं भेटत असतील, तर ती वाट पाचव्याला सांगावी का? प्रश्न किरकोळ वाटतो. पण ग्रॅव्हल बाईक चालवणाऱ्या माणसांत हा विषय काढून बघा. एरवी टायरच्या रुंदीवर तासभर बोलणारे लोक एकदम जपून बोलायला लागतात.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर ४०-४५ मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा बेताची. डांबर संपून खडी लागली तरी ही सायकल थांबत नाही. त्यामुळे तिच्या नादी लागलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी असते : मोटारी नसलेला रस्ता. मी नोकरीनिमित्त जर्मनीत, कार्ल्सरूहला राहते. शनिवारी सकाळी सायकल लोकल गाडीत चढवायची, मुर्ग नदीच्या खोऱ्यातून वर जायचं, की आपल्याला केकमुळे ‘ब्लॅक फॉरेस्ट’ म्हणून ठाऊक असलेला श्वार्त्सवाल्ड सुरू होतो.

सगळा श्वार्त्सवाल्ड शांत आहे असं मुळीच नाही. डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या बी-५०० रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलींचा आवाज थांबत नाही. मुमेलझे तळ्याकाठी बसगाड्यांची रांग असते. पण त्या रस्त्यावरून जंगलात वळलं, की अनेक ठिकाणी एक आडवा दांडा लागतो. मोटार तिथे अडते, सायकल बाजूने निघून जाते. पुढे चाकाखालची खडी, ओढ्याचं पाणी आणि चढावर आपलाच श्वास, एवढंच ऐकू येतं.

अशा एका वाटेचा फोटो मी टाकला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच मेसेज आला : “अगं, रूट टाक ना!” मी लगेच टाकला नाही. आठवडाभर विचार केला, तो हा.

न सांगण्याच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली एका पुस्तकात दाखवून दिलं, की काही गोष्टींचं मोल त्या थोड्यांकडे असण्यातच असतं. सगळ्यांना मिळाल्या की त्या कुणालाच मिळत नाहीत. निर्जन वाट ही अगदी तशी गोष्ट आहे. त्यात माझ्या धंद्याची भर. सॉफ्टवेअर लोकांना वाट सुचवतं ते आधी किती जण तिथून गेले हे बघून. जास्त लोक गेले की ती नकाशावर ठळक होते, ठळक झाली की आणखी लोक जातात. हे चक्र एकदा फिरलं की आपोआप थांबत नाही.

पण कांटची कसोटी लावून पाहिली : सगळ्यांनीच असं केलं तर? सगळ्यांनी सगळं सांगितलं, तर शांत वाटा उरणार नाहीत. सगळ्यांनी सगळं लपवलं, तर वाटा कुणाला कळतील? ज्यांचे आईवडील, आजीआजोबा याच डोंगरात हिंडले, त्यांना. मला ही वाट ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितली. तो इथलाच. त्याने माझ्याकडे ‘पाचवी’ म्हणून पाहिलं असतं, तर मी अजूनही बी-५०० च्या कडेकडेने मोटरसायकलींचा धूर खात चालवत असते. गुप्तता कुणाच्या पथ्यावर पडते, हे बाहेरून आलेल्या माणसाला चटकन कळतं.

शिवाय ती शांतता माझी आहे कुठे? हे जंगल म्हणजे काही अस्पर्श निसर्ग नव्हे. इथली झाडं शतकानुशतकं तोडली गेली. ओंडक्यांचे तराफे मुर्गमधून ऱ्हाईन नदीत आणि तिथून थेट हॉलंडला जात. काचेच्या भट्ट्यांसाठीही बेसुमार लाकूड जळालं. उघडे पडलेले डोंगर पुढे पुन्हा लावले गेले, मुख्यतः स्प्रूसने. २६ डिसेंबर १९९९ च्या ‘लोथार’ वादळात त्यातली कितीतरी झाडं आडवी झाली, ती लोकांनीच उचलली. मी चालवते ते खडीचे रस्तेही सायकलींसाठी बांधलेले नाहीत. ते लाकडाच्या ट्रकसाठी आहेत. (सायकलचा पूर्वज असलेलं, पेडल नसलेलं दुचाकी धावयंत्र १८१७ मध्ये चालवून दाखवणारा कार्ल फॉन ड्राईस मूळचा कार्ल्सरूहचा आणि पेशाने वनाधिकारी होता. तेव्हा जंगल आणि सायकल यांचं नातं इथे जुनंच म्हणायचं.)

आणि तो आडवा दांडा? त्यामागे कायदा आहे. १९७५ च्या केंद्रीय वनकायद्यानुसार विरंगुळ्यासाठी कुणालाही जंगलात जाता येतं, जमिनीचा मालक कुणीही असो. माझा व्हिसा कोणता, हे तिथे कुणी विचारत नाही. मोटारींना मात्र सर्रास परवानगी नाही. आणि या राज्यात सायकलींना साधारणपणे २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर मनाई आहे. माउंटन बाईकवाले या नियमावर चिडून असतात. पण नीट पाहिलं तर एक साखळी दिसते. मोटारवाल्याला थांबवलं म्हणून मला शांतता मिळते. मला थांबवलं म्हणून पायी चालणाऱ्या आजोबांना मिळते. प्रत्येकाची शांतता दुसऱ्या कुणीतरी पाळलेल्या मर्यादेतून आलेली आहे. अशी सगळ्यांनी मिळून राखलेली गोष्ट मला सापडली म्हणून माझ्या खिशात कशी जाईल?

इथवर उत्तर सोपं होतं : सांगावी. अडचण झाली ती एका पक्ष्यामुळे. आउअरहून हा रानकोंबडीच्या कुळातला, नर जवळजवळ टर्कीएवढा. श्वार्त्सवाल्डमधली त्याची संख्या घटत चालली आहे. हिवाळ्यात तो सूचिपर्णी झाडांच्या सुया खाऊन दिवस काढतो. त्या अन्नात जेमतेम ऊर्जा असते. माणसाच्या चाहुलीने वारंवार उडावं लागलं, तर तो खर्च त्याला परवडत नाही. मला शांतता आवडते. त्याला ती जगायला लागते. आणि वरच्या साखळीत त्याला कुणी विचारलेलंच नाही.

हा भेद मला कळीचा वाटतो. शांतता ही माझी आवड असेल, तर ती लपवण्याचा मला अधिकार नाही. ती दुसऱ्या कुणाची गरज असेल, तर ती उघड करण्याचाही नाही. न बोलण्याची कृती दोन्हीकडे एकच दिसते, पण एकीत आपण दुसऱ्याला वगळतो आणि दुसरीत स्वतःला.

आपल्याकडची देवराई आठवली. ती काही लपवलेली नसते. गावातल्या पोराटोरांनाही ती ठाऊक असते. कुऱ्हाड लावायची नाही, काय न्यायचं आणि काय नाही, हेही तितकंच ठाऊक असतं. तिचं रक्षण तिच्या पत्त्यासोबत येणाऱ्या निर्बंधांनी झालं. आपल्या फाइलींत नेमकं हेच गळतं. अक्षांश-रेखांश जातात, मर्यादा मागे राहतात.

शेवटी मी रूट टाकला. सोबत लिहिलं : माणूस दिसला की वेग कमी करा आणि घंटी वाजवा, तिन्हीसांजेच्या आत खाली उतरा, हिवाळ्यात ही वाट नको. माथ्याजवळचा सर्वांत सुंदर तुकडा त्यातून काढून टाकला. तो रुंद आहे, कायद्याने तिथे सायकल चालते, पण तो त्या पक्ष्याच्या परिसरातून जातो. मीही आता तिकडे जात नाही. मी स्वतः तिथे जात राहिले असते आणि बाकीच्यांपासून लपवलं असतं, तर पक्ष्याचं नाव पुढे करून मी आपली जागाच राखली असती.

आता त्या वाटेवर अधूनमधून ग्रुपमधलं कुणीतरी भेटतं. मग थांबणं आलं, बोलणं आलं, डब्यातला पराठा आला. वाट पूर्वीइतकी निर्जन राहिली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती थोडी कमी आवडते. पण माझ्यासाठीही कुणीतरी एवढं सोडलंच होतं.