नकार कुणी, कधी द्यायचा?

पावसाळ्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात एक प्रश्न रोजचाच: नाथसागर किती भरला? उत्तर कधी टीएमसीत येतं, कधी दलघमीत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. आपण वाचताना एकक बघतो. कम्प्युटरला मात्र ते नुसते आकडे. टीएमसीत दलघमी मिळवायला सांगितलं, तरी तो निमूट बेरीज करून देतो.

रस्टसारख्या भाषेत यावर उपाय आहे. दोन्ही एककांना वेगवेगळे टाइप द्यायचे. मग चुकीची बेरीज लिहिली की कम्पायलर तिथेच अडून बसतो. प्रोग्राम तयारच होत नाही. आणि या शिस्तीपायी प्रोग्रामचा वेग जराही कमी होत नाही. तपासणी आधीच उरकलेली असते, मशीनपर्यंत फक्त आकडा पोचतो.

सगळीच सुरक्षा अशी फुकट मिळत नाही. आकडा ठरलेल्या जागेत मावेल का, हे बऱ्याचदा प्रोग्राम चालतानाच कळतं, आणि ते तपासायला वेळ लागतो. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटचा एक आकडा १६ बिटच्या जागेत मावला नाही. प्रोग्राम एडा या कडक टाइपच्या भाषेत होता. पण धोक्याच्या सात आकड्यांपैकी चारांनाच संरक्षण दिलेलं होतं, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. जुन्या एरियन ४ वर तो आकडा एवढा वाढणं शक्यच नव्हतं. नव्या रॉकेटवर तो वाढला. चौकशीत आणखी एक गोष्ट दिसली: तीन आकडे उघडे का ठेवले, याचं कारण खुद्द कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मला दोष वेगाच्या हव्यासात दिसत नाही, या न लिहिण्यात दिसतो. रस्टमध्येही काही तपासण्या टाळता येतात. पण तिथे ‘अनसेफ’ हा शब्द स्वतः लिहावा लागतो, आणि हे का चालेल याचं कारण शेजारी नोंदवण्याची रीत आहे. तो शब्द म्हणजे सहीच: इथून पुढची जबाबदारी माझी.

जायकवाडीचे दरवाजे उघडण्याआधी गोदाकाठच्या गावांना इशारा देतात. पाणी सोडणं चूक नाही. न सांगता सोडणं चूक आहे.