किती हा संथपणा!

वीणा गवाणकरांचे 'डॉ. आयडा स्कडर' आम्ही या पावसाळ्यात वाचले. चरित्रच ते, पण आम्हाला कादंबरीसारखे वाटले. आजोबा मिशनरी डॉक्टर, वडील डॉक्टर आणि मुलीला यातले काहीच नको. मग ती रात्र येते. एकामागून एक तिघे दाराशी आले. प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडलेली. पुरुष डॉक्टर चालणार नाही, म्हणून वडिलांना कोणी नेले नाही. आयडाला तर काहीच येत नव्हते. सकाळपर्यंत तिघीही गेल्या.

पुढे मात्र आमचा धीर सुटू लागला. अमेरिकेत शिक्षण, देणग्यांसाठी खटपट, १९०२ मध्ये वेल्लोरचे इस्पितळ आणि मुलींचे वैद्यकीय विद्यालय तर थेट १९१८ मध्ये. किती हा संथपणा!

असे म्हणालो खरे. पण आपण जव्हार-मोखाड्याची माणसे. वावर-वांगणीची बालके १९९२ मध्ये दगावली. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाड्याच्या मर्कटवाडीत जुळी बाळे गेली आणि त्यांच्या आईला डोलीतून न्यावे लागले. पुस्तकाला संथ कोणत्या तोंडाने म्हणावे?

एक गोष्ट अजून खटकते. त्या तिघी गेल्या म्हणून आयडा डॉक्टर झाल्या; यात देवाची योजना होती, असे आपण पटकन म्हणून जातो. त्या तिघींच्या घरी जाऊन हे कोणी बोलले असते का? मर्कटवाडीच्या त्या आईपुढे आपण बोलू का?

पुस्तक परत द्यायचे राहिले आहे. ती रात्र आम्ही पुन्हा वाचायला घेतली आहे.