रसद आणि फर्मान

शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी गॅलरीतील शेवंतीवर रात्रभर दिवा जळत ठेवला आहे, आणि मार्गशीर्ष सरत आला तरी ती कळी धरीत नाही म्हणून ते तिला खतावर खत घालीत आहेत. ‘उजेड हे झाडाचे अन्न, चार घास जास्त मिळाले तर बिघडले कुठे?’ हा त्यांचा सवाल माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

पान सूर्यप्रकाशाच्या बळावर साखर घडविते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यावर शाई खर्चण्याचे कारण नाही. माझा आग्रह आहे तो एका भेदाचा : प्रकाश वनस्पतीला रसद पुरवितो तसाच तिच्यावर फर्मानही काढतो, आणि ही दोन खाती निराळी आहेत. अमेरिकेत मेरीलँडकडची तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसतीच वाढत राही. सरकारी कृषिखात्यातील गार्नर व ॲलर्ड यांनी तिला भर उन्हाळ्यात रोज काही तास अंधारात कोंडले, म्हणजे तिची रसदच तोडली, आणि ती फुलली. हा वृत्तान्त १९२० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी दाखविले की, झँथियम या काटेरी तणाच्या लांब रात्रीत काही मिनिटे दिवा लावला की त्याचे फुलणे तहकूब होते. दिवसा मध्येच अंधार केला तर मात्र काही अडत नाही. झाड मोजते ती रात्र. शेवंतीचे बागाईतदार फूल लांबवायचे असले म्हणजे रात्री बल्ब लावतात. तेवढ्या मंद उजेडात साखर ती कितीशी होणार?

थोडे विषयांतर होईल, परंतु जुन्या गरव्या भातांपैकी कित्येक जाती पेरणी आठवडाभर मागेपुढे झाली तरी आपल्या ठरल्या सुमारासच निसवत, हे कोकणातल्या शेतकऱ्याला कोणा गार्नरने शिकविले नव्हते.

गृहस्थ ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘हुकमाने का कोणाचे पोट भरते?’ हा प्रश्न मी प्रथम थट्टेवारी नेला. पण विचार करू लागलो तसतसा माझा लाडका भेदच डळमळू लागला. कारण साखर घडविणाऱ्या यंत्रणेतील कित्येक विकरे उजेड पडल्यावरच कामास लागतात व अंधार होताच बरखास्त होतात. म्हणजे रसदेचे खातेही फर्मानाखेरीज उघडत नाही. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस दिवसा साठविलेले पिष्ट रात्री अशा बेताने खर्चिते की, ते पहाटेच्या सुमारास जवळजवळ संपावे. आणि प्रयोगशाळेत एखाद्या दिवशी दिवे चार तास आधी मालविले, तर त्याच रात्री ती खर्चाचा वेग उतरविते व अपुरी शिल्लक पहाटेपर्यंत पुरविते. हा हिशेब अन्नाचा म्हणावा की वेळेचा? गृहस्थांचे ‘अन्न’ मला आता मान्य आहे. मात्र त्या अन्नाचा जमाखर्च ठेवणारे घड्याळही उजेड-अंधारावरच लागत असल्यामुळे, त्यांचा रात्रीचा दिवा शेवंतीला घास भरवीत नसून तिच्या दप्तरात खोटी नोंद करीत आहे, एवढे मी त्यांना अजूनही सांगेन.