‘मला भूक नाही’

आपल्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने युवकांच्या बैठकीत सांगितलेली ही हकिगत आहे. नाव छापायचे नाही, या अटीवर त्याने ती लिहायला परवानगी दिली. ती ऐकून बैठकीत दोन तट पडले. आपण कोणत्या तटात आहोत, हे घरी पोहोचेपर्यंत आम्हाला ठरवता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एका युवा शिबिरात त्याची श्रीरामपूरकडच्या तिघा मुलांशी मैत्री झाली. घरची ऊस-कांद्याची शेती असलेली ही मुले. त्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती. ‘या, मी दाखवतो,’ असे हा म्हणाला आणि ते खरोखरच आले. दोन दिवस इथे वसईत त्याच्या घरी उतरले. मुलाने शिकवणीचे साठवलेले दोन हजार दोनशे रुपये खिशात घातले आणि शनिवारी सकाळी चौघे वसई रोडहून चर्चगेट लोकलमध्ये चढले. लोकलमध्ये चढले म्हणजे काय झाले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पाहुण्यांपैकी एकाची चप्पल फलाटावरच राहायची, ती कशीबशी वाचली.

चर्चगेटला उतरल्यावर मुलाने टॅक्सी केली. खरे तर तिथून गेटवेपर्यंत रमतगमत चालले, तरी अर्धा तास पुरतो आणि त्या अर्ध्या तासात फुकट पाहण्यासारखे जेवढे आहे, तेवढे तिकीट काढूनही इतरत्र मिळत नाही. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला 1878 साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, तर दुसऱ्या बाजूला 1930च्या दशकातल्या गोल सज्ज्यांच्या इमारती. या दोन्ही रांगांना 2018 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण पाहुण्यांना पायी न्यायचे कसे? मग हे सगळे टॅक्सीच्या काचेतून भुर्रकन गेले.

गेटवेला मुलाने माहिती द्यायला सुरुवात केली. तेव्हा कळले, की तिघांतला एक जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि त्याला सगळे पाठ आहे. 1911 साली पंचम जॉर्ज आले तेव्हा इथे नुसती पुठ्ठ्याची कमान होती, खरी कमान 1924 साली पुरी झाली आणि फेब्रुवारी 1948मध्ये शेवटचे इंग्रज सैनिक याच कमानीखालून परत गेले, हे त्यानेच सांगितले. यजमान जरा खट्टू झाला. मग लाँचची फेरी झाली, वस्तुसंग्रहालय झाले. सगळी तिकिटे यानेच काढली. कोणी खिशात हात घातला, की ‘तुम्ही पाहुणे आहात’ म्हणून तो हात धरायचा.

दुपारी कुलाब्याला एका बऱ्यापैकी हॉटेलात बसले. ते त्यानेच निवडलेले होते. दरपत्रक उघडल्यावर त्याने मनातल्या मनात बेरीज केली आणि ती चौघांची होईना. तिघांचीच होत होती. तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही मागवा. मला भूक नाही. सकाळपासून पित्त झालंय.” त्याने फक्त चहा घेतला. तिघांनी बिर्याणी खाल्ली. बिल त्याने दिले.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसले असताना ‘एक फोन करून येतो’ म्हणून तो रस्ता ओलांडून गेला. एका गाडीच्या आडोशाला उभा राहून त्याने वडापाव खाल्ला. भूक लागली होती हो त्याला, एकोणीस वर्षांचा मुलगा तो! परत वळला तेव्हा स्पर्धा परीक्षेवाला मित्र सिग्नलपाशी उभा होता. तो पाण्याची बाटली घ्यायला आला होता. दोघांची नजरानजर झाली. कोणीच काही बोलले नाही.

रात्री घरी आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचे सुके वाढले. मुलाने चार भाकऱ्या खाल्ल्या. “अरे, पित्त म्हणत होतास ना?” असे पाहुण्यांपैकी दुसऱ्याने सहज विचारले. आई म्हणाली, “याला? जन्मात कधी पित्त झालं नाही याला.” सगळे हसले. एक जण हसला नाही.

मित्र गेले. नंतर फोन कमी झाले, मग थांबले. मुलाला वाटले, आपल्या आदरातिथ्यात काही उणे राहिले. त्याने पुन्हा बोलावले, तर ‘बघू’ असे उत्तर आले. सहा महिन्यांनी त्या मित्राने एकदाचे मन मोकळे केले. तो म्हणाला, “आम्ही तिघांनी घरून पैसे आणले होते. तू काढूच दिले नाहीस. आमच्या पोटात बिर्याणी आणि तू चोरून वडापाव खातोस! मी घरी जाऊन हे आईला सांगू शकलो नाही. तू आम्हाला मित्र नाही समजलास, पाहुणे समजलास. आता तू आमच्याकडे आलास, तर एवढं सगळं आम्ही कुठून करायचं?”

बैठकीत एक तट म्हणाला, की मुलाचे काय चुकले? स्वतः उपाशी राहून त्याने दुसऱ्याला जेवू घातले. हाच तर त्याग. आपल्या आया जन्मभर हेच करीत आल्या. पातेल्यात भात थोडा उरला, की ‘तुम्ही जेवा, मला भूक नाही’ हे वाक्य आपण प्रत्येकाने स्वयंपाकघरात ऐकलेले आहे. दुसरा तट म्हणाला, की खोटे ते खोटेच.

या दुसऱ्या तटाच्या मागे मोठी माणसे उभी आहेत. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणाच्या भल्यासाठी बोललेले खोटेही त्यांनी मान्य केले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खोट्याचे तीन प्रकार सांगितले : थट्टेतले, कोणाच्या उपयोगासाठी बोललेले आणि कोणाचा घात करणारे. तिन्ही चूकच, पण दोषाचे वजन वेगवेगळे. ‘मला भूक नाही’ हे मधल्या प्रकारात बसते. आमच्या मते आईचे वाक्यही तिथेच बसते आणि मुलाचेही. अडचण इथेच आहे. दोन्ही वाक्यांतले शब्द तेच, कारणही वरवर तेच, तरीही आईचे वाक्य आठवून आपले डोळे भरतात आणि मुलाच्या वाक्याने मैत्री तुटायला आली. असे का?

आम्हाला वाटते, की खोटे बोलल्यामुळे कोणाची उंची वाढते, हे इथे पाहावे लागेल. आई ते वाक्य बोलते तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नसते. भात वाढला जातो, गोष्ट संपते. मुलाचे तसे नव्हते. टॅक्सी, कुलाब्याचे हॉटेल, मित्रांचा धरलेला हात, या सगळ्याच्या शेवटी ते वाक्य आले. त्याला मित्रांचे पोट भरायचे होते, हे खरेच. पण ते तर चार वडापावांतही भरले असते. मुंबई ही आपली आहे आणि आपण तिथे कोणी आहोत, हे दिसावे म्हणून तो उपाशी राहिला. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात थोर मनाच्या माणसाचे वर्णन केले आहे. तो माणूस दुसऱ्यावर उपकार करतो. पण स्वतःवर उपकार झाला तर त्याला लाज वाटते, कारण देणारा वर असतो आणि घेणारा खाली. अॅरिस्टॉटलला हे कौतुकाचे वाटले. आम्हाला मात्र ते वाचताना दर वेळी शेवटच्या भोजनातला पेत्र आठवतो. पाय धुऊन घ्यायला तो आधी साफ नकार देतो. आपण त्याला नम्र समजतो. पण घेण्यातले अवघडलेपणही त्यात असावे.

अर्थात आईचा सोक्षमोक्ष एवढ्या सहज लागत नाही. एक भगिनी बैठकीत म्हणाल्या, “माझ्या सासूबाई आयुष्यभर भूक नाही म्हणाल्या. त्यांना काय आवडायचं, हे आम्हाला त्या गेल्यावरही ठाऊक नाही. कधी काही देऊच दिलं नाही त्यांनी.” त्यावर खोलीत कोणी काही बोलले नाही. आमच्याकडेही उत्तर नव्हते आणि नाही.

आणि मुलाला बोल लावण्याआधी आमचेही सांगितले पाहिजे. आम्ही मुंबईत शिकत असताना गावाकडून आत्या भेटायला आल्या होत्या, पिशवीत सुकेळी घेऊन. वर्गमित्रांसमोर आम्ही ती पिशवी पटकन बाकाखाली सरकवली आणि आत्यांना आइस्क्रीम खायला नेले. त्यांनी ते अर्धेच खाल्ले. 1964 साली ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल आले, तेव्हा याच आत्या फडक्यात भाकरी बांधून गेल्या होत्या. मैदानातच अनोळखी माणसांबरोबर शिदोरी सोडून बसलो, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, असे त्या सांगत. कोण यजमान आणि कोण पाहुणा, हे तिथे कोणाला सुचलेही नसावे. ती पिशवी मात्र बाकाखालीच राहिली.

मुलाने त्या फोननंतर आठ दिवस विचार केला आणि मित्राला कळवले, की मला तुमच्याकडे यायचे आहे, चार दिवस, आणि मला काही दाखवू नका. उलट उत्तर आले, की कांद्याची लागण चालू आहे, येणार असलास तर वाफ्यात उतरावे लागेल. तो पुढच्या शुक्रवारी निघतो आहे. आईने सुकेळी बांधून दिली आहेत. तिकीट त्याने जाण्याचेच काढले आहे. परतीचे तिकीट ते तिघे काढणार आहेत, आणि या वेळी त्याने नाही म्हटलेले नाही.