चारीच्या पलीकडे

दिल्लीच्या द्वारकेतल्या एका व्यवस्थापन संस्थेत शिकणारी मुलगी मूळची इंदापूरची. वडील भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी विकायचे, म्हणून संस्थेतल्या मॅडमनी तिला मत्स्यशेतीचा प्रकल्प दिला आणि रोहतककडच्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याकडे, ताऊंकडे, पाठवलं.

ताऊंची जमीन खारवलेली, खालचं पाणीही खारं. गहू कधीच धड आला नाही. पण रोहतकजवळ लाहलीला वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. समुद्रापासून इतक्या दूर, अशा खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढते, हे तिथे सिद्ध झालं. या पाण्यात पोटॅश कमी असतं, ते वरून घालावं लागतं, एवढंच. ताऊंनी एक तळं खोदून व्हेनामी कोळंबीचं बीज सोडलं. जन्मात पहिल्यांदा त्या जमिनीने पैसा दिला.

तळी वाढवायची म्हणून मुलीने बँकेच्या कर्जासाठी चार तळ्यांचा हिशेब मांडला. बीज, खाद्य, एरेटरची वीज, बर्फ, दिल्लीतल्या गाझीपूरच्या बाजारापर्यंतचं भाडं. नफा उत्तम.

मॅडमनी नफ्याकडे पाहिलं नाही. "माल काढल्यावर तळ्यातलं पाणी कुठे जातं?"

"बांधापलीकडच्या चारीत."

"आणि चारी?"

शनिवारी ती चारीच्या कडेने चालत गेली. चारी एका विधवा बाईच्या हरभऱ्यात संपत होती. कडेची रोपं करपलेली, मातीवर मीठ फुललेलं. "ताऊ गावात मोठे," बाई म्हणाली, "त्यांना काय बोलायचं?"

ताऊ वाईट नव्हते. वापरलेल्या पाण्याचा भाव कुठेच लावलेला नसतो, म्हणून ते फुकट वाटतं.

मुलीने हिशेबात नवी ओळ घातली: शेजारणीचं नुकसान. चार तळी परवडेनात. मग तिने दोनच धरली आणि तिसऱ्या खड्ड्यात पाणी निवळत ठेवून पुढच्या हंगामाला वापरायचं ठरवलं. त्यात घातलेलं पोटॅशही बरंचसं वाचत होतं.

"दोनच?" ताऊ चिडले. ती वाद घालत बसली नाही. त्यांना चारीकाठाने हरभऱ्यापर्यंत घेऊन गेली. परतल्यावर ताऊंनी आधी चारीचं तोंड मातीने बुजवलं, मग कागदावर सही केली.

मॅडमनी शेजाऱ्याच्या नुकसानाची ती ओळ सगळ्याच प्रकल्प अहवालांच्या नमुन्यात छापून घेतली. पुढच्या वर्षी डेअरीचा अहवाल करणाऱ्या मुलाने विचारलं, "यात काय भरू?"

"गोठ्याच्या गटाराच्या कडेने चालत जा," मॅडम म्हणाल्या, "आणि ते जिथे संपतं तिथल्या माणसाला विचारून ये."