करून टाकायची गोष्ट नव्हे

चि. छकुलीस,


परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते (या वयात झोप उसनीच मागावी लागते), म्हणून तुझं वाक्य नीट कानावर पडलं, "आजी, उद्याच जनुकचाचणी करून टाकते." त्यातलं 'टाकते' तेवढं मला टोचलं गं.

बाबांच्या सोनोग्राफीत दिसलेला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार मुळात फार सावकाश चालणारा आहे. आपलं मूत्रपिंड म्हणजे जुन्या वळणाची बाई. दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं सगळं थेंब थेंब करून परत घरात घेते. (मी तांदळाचं धुवण कुंड्यांना घालते म्हणून हसतेस ना!) हे परत घ्यायचं काम बारीक नलिकांचं. तिथल्या पेशींवर केसाहून कितीतरी बारीक असा तंतू असतो, सिलियम, आणि त्यावर पॉलिसिस्टिन नावाची प्रथिनं. ती घडवणारी दोन जनुकं, सोळाव्या गुणसूत्रावरचं पीकेडी1 आणि चौथ्यावरचं पीकेडी2, 1994 आणि 1996 साली हाती लागली. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी वर्षानुवर्षं संसार ओढते. मग कुठल्याशा एका पेशीत तीही थकते, ती पेशी भराभर वाढते, नलिकेला फुगा येतो, आणि जिथं पाणी राखलं जायचं तिथंच ते साठत जातं. असे फुगे वाढायला दशकं लागतात. एकेका मूत्रपिंडात दहाएक लाख गाळण्या, उरलेल्या गाजावाजा न करता जास्तीचं काम उचलतात, म्हणून रक्ताचा रिपोर्ट कित्येक वर्षं चांगला येत राहतो.

तुझ्यात ते बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता निम्मी. दादाचीही निम्मीच, तुझ्यावर त्याचं काही अवलंबून नाही. दोघांचं नाणं वेगवेगळं उडालेलं आहे.

चाचणी कर, मी अडवत नाही. पण आधी किडनीच्या डॉक्टरांशी आणि जनुकीय समुपदेशकांशी बोल, निकाल हाती आल्यावर त्याचं काय करायचं ते मनाशी ठरव. बाबांना आपली किडनी द्यायचं तुझ्या मनात आहे, हे तू न सांगताही कळलं मला. पण अजून ती वेळ कुठे आली आहे? तोवर पाणी पीत जा, लोणच्या-पापडाला आवर घाल, डोकं दुखलं की लगेच वेदनाशामक गोळी घेऊ नकोस. आणि रक्तदाब मोजत जा, या आजारात तो बऱ्याचदा लवकर चढतो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं या, दादालाही आण. यंत्रात नवे सेल घालून ठेवलेत. पाच मिनिटं गप्प बसायचं, मग दाब मोजायचा, चहा त्यानंतर.

तुझी,
आजी